पेशीबाईंची सातवी बॅच

मला सगळे उंदीरमामा म्हणतात. म्हणू देत. तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी आणि मोजमापं बघितल्यावर माणसाला दुसरं काय म्हणणार? नावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लोकांच्या सवयीबद्दल. "तुम्ही काय करता?" म्हणून आपणहून विचारतात, आणि मी सांगितलं की नाक मुरडून एक पाऊल मागे सरकतात, जसं काही माझ्या खिशातून शेपूटच लोंबतंय. असल्या माणसांशी मी पुन्हा बोलायला जात नाही. त्यामुळे माझ्याशी बोलणारे उरले मोजून तीन-चार. त्यातल्या एक पेशीबाई. त्यांच्याबद्दल सांगायचंय. सांगताना माझीही शोभा होणार आहे, पण त्याला इलाज नाही.

पेशीबाई तिसऱ्या मजल्यावर, मी तळघरात. मधले मजले हुशार लोकांचे. बाईंचं काम पेशी वाढवण्याचं. माणसाच्या हाडाच्या आतल्या मज्जेतून काढलेल्या पेशी चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात ठेवायच्या. दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढून नवं घालायचं. दाटी झाली की अर्ध्या पेशी दुसऱ्या बाटलीत हलवायच्या. बुरशी लागली तर सगळं फेकून देऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं, आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांच्या बाटल्यांना बुरशी लागली ती दोनदा. दुसऱ्या प्रयोगशाळांत हे सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत. पेशींना त्या 'मंडळी' म्हणायच्या. "आज मंडळी खुशीत आहे." "मंडळी जरा सुस्तावलीय, उद्या बघू." नवीन आलेला माणूस इकडेतिकडे बघायचा, की खोलीत आणखी कोण आहे.

पूर्वी मान होता तो पेशींना. त्या ज्या पाण्यात वाढल्या ते पाणी बेसिनमध्ये ओतून द्यायचं. मग आमच्या मॅडम आल्या. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण त्या समोर आल्या की माझा हात आपोआप शर्ट खोचायला जातो. मॅडम म्हणाल्या, औषध पेशींत नाही, त्या पाण्यात आहे. पेशी आपल्या अंगातून इवल्याशा पिशव्या बाहेर सोडतात, इतक्या बारीक की बाईंच्या मायक्रोस्कोपखालीही दिसत नाहीत. त्या पिशव्यांत दुसऱ्या पेशींसाठी निरोप असतो. इथली सूज उतरव, तिथली नस सांध. दुखरी नस वर्षानुवर्षं बोंबलत राहते ना, तिला या पिशव्या गप्प करू शकतील का, हे मॅडमना बघायचं होतं. कागदोपत्री त्यांना 'बाह्यपेशीय पुटिका' म्हणतात. बाई म्हणायच्या पुड्या.

"वाटीवर झाकण ठेवून आपण शेजारी काहीतरी पाठवतो की नाही, तसंच हे," त्यांनी मला समजावलं होतं. "सव्वीस वर्षं मी औषध बेसिनात ओतलं, मामा." आणि यावर त्या अर्धा दिवस हसत होत्या.

हसताना त्या डावा हात बरगडीवर धरायच्या. बरगडीवर म्हणजे बरगडीला न लावता, चार बोटं वर, हवेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांना नागीण झाली होती. फोड तीन आठवड्यांत गेले, दुखणं राहिलं ते राहिलंच. डॉक्टर म्हणाले नसेला इजा झालीय. तिथे बोट टेकलं तर आग, कपडा लागला तर आग, पंख्याचा वारा लागला तरी आग. गोळ्या घेतल्या की झोप यायची, आणि झोपेच्या गुंगीत पेशी हाताळता येत नाहीत, म्हणून बाई सांगितल्याच्या निम्म्याच घ्यायच्या. बाकीचं निम्मं त्यांनी स्वतःच निभावलं. भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी असते, तिचा अर्धा भाग कापून, कडा कापडाने मढवून, तो पोकळ बाजूने बरगडीवर बांधायच्या. कडा दुखऱ्या जागेच्या बाहेर टेकायच्या, आणि कपडा चाळणीवर राहायचा. लोकांना वाटायचं बाईंना गाठ आहे. बाई कोणाला काही सांगायला गेल्या नाहीत. एका निरोपसमारंभात कोणीतरी प्रेमाने त्यांच्या पाठीवर थाप मारली तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना सरळ विचारलं. माझ्या विचारण्याला आडपडदा नसतो. म्हणूनच सांगितलं असावं.

मागच्या दाराशी एक बाक आहे. एक वाजता आम्ही तिथे डबे उघडायचो. एवढीच काय ती आमची ओळख, पण रोजची. बाईंचं घर दोन खोल्यांचं. तिथे त्या आणि त्यांची ताई जन्मभर एकत्र राहिल्या. मग चोपन्नाव्या वर्षी ताईने एका निवृत्त मोजणीदाराशी लग्न केलं आणि ती दुसऱ्या गावी गेली. बाईंना आनंदच झाला, असं त्या म्हणायच्या. जरा जास्तच वेळा म्हणायच्या. दर रविवारी ताईचा फोन यायचा. दहा मिनिटांतली आठ मेहुण्यांच्या रक्तदाबावर. मग ताई विचारायची, "तुझं दुखणं कसंय?" बाई म्हणायच्या, "आहे." की झालं.

सुट्टीचा बाईंना मनापासून तिटकारा होता. "कामात असले की दुखणं मागे मागे चालतं," त्या म्हणायच्या. "घरी बसले की खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतं." मलाही सुट्टी आवडत नाही, पण माझं वेगळं आहे, उंदरांना सुट्टीच्या दिवशीही भूक लागते. बायको गेल्यापासून मला ते सोयीचंच झालंय.

आता माझ्या कामाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उंदराच्या मागच्या पायाची एक नस सैलसर बांधली की काही दिवसांनी त्या पंजाला साधा स्पर्शही सोसत नाही. मग मी नायलॉनचे तंतू घेतो, एक नंबर सगळ्यात बारीक, पुढे जाड होत जाणारे. पिंजऱ्याच्या जाळीखालून तंतू पंजाला टेकवायचा, तो किंचित वाकेपर्यंत. कितव्या नंबरला उंदीर पाय झटकतो ते लिहायचं. धडधाकट उंदीर सात-आठपर्यंत ढिम्म हलत नाही. दुखरा उंदीर दुसऱ्यालाच पाय उचलतो. कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे मला कळू देत नाहीत. पिंजऱ्यावर फक्त खुणेचे आकडे. मला मुद्दाम आंधळं ठेवतात, म्हणजे माझ्या मनातलं माझ्या हातात उतरायला नको.

एकदा बाई बर्फाच्या डब्यातून कुप्या घेऊन खाली आल्या आणि मी मोजत होतो ते बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या नंबरचा तंतू, केसाहून जरासा जाड. उंदराने पाय झटकला, पोटाशी घेतला आणि चाटत बसला.

"मामा," बाई म्हणाल्या, "हे मला होतं."

मी तक्त्यात आकडा लिहिला. त्या म्हणाल्या, "माझ्यावर करून बघा."

मी म्हटलं, बाई, काहीतरीच काय. त्यांनी ऐकलं नाही. माझ्याकडे पाठ केली, चाळणी सोडवून टेबलावर ठेवली आणि कुर्त्याची कड दोन बोटं वर धरली. पहिला तंतू टेकवला, काही नाही. दुसरा टेकवला आणि त्यांनी जो श्वास आत घेतला तो मला आजही नको वाटतो.

"कितवा?"

"दुसरा."

"लिहा."

लिहायला रकाना कुठे होता? मी तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं. बाईंनी चाळणी बांधली आणि वळून म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली. डॉक्टर विचारतात शून्य ते दहामध्ये किती, मी काहीतरी ठोकून देते. आज पहिल्यांदा कोणी मोजलं." त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. त्या वर गेल्यावर मी धुतलेले पिंजरे पुन्हा धुतले.

पुड्यांच्या पहिल्या सहा बॅच आल्या आणि गेल्या. उंदरांना थोडा उतार पडायचा, आठवड्यात पुन्हा होतं तसं. मॅडम जेवण विसरायला लागल्या. मग सातवी बॅच आली. दुसऱ्या तंतूला पाय झटकणारे काही उंदीर चौथ्याला स्वस्थ, पाचव्याला स्वस्थ, सातव्याला माझ्याकडे बघून मिशा हलवतायत. आधी वाटलं माझे तंतू बिघडले. नवे आणले. तीन दिवस तीनदा मोजलं. एक आठवडा गेला, दोन गेले, तिसऱ्यातही तेच. कुठल्या आकड्याला काय दिलंय ते लिहिलेलं पाकीट बैठकीत फोडलं, आणि ते सगळे उंदीर सातव्या बॅचचेच निघाले. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. त्या बॅचला पहिल्यांदाच नव्या प्रकारच्या बाटल्या वापरल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय बाटल्यांना गेलं. कोणीतरी केक आणला. मीही दोन तुकडे खाल्ले.

पुढची पायरी माणसांची. एका रुग्णालयातले वेदनेचे डॉक्टर तयार झाले. नागिणीनंतर वर्षानुवर्षं दुखत राहिलेली बारा माणसं घ्यायची, याच पद्धतीने तिकडे स्वच्छ खोलीत पुड्या बनवायच्या आणि पाठीतून नसेजवळ सुईने सोडायच्या. वयाची अट पासष्टपर्यंत. बाईंना चौसष्टावं लागलं होतं, मुदतवाढीवर काम चाललं होतं आणि तीही दोन महिन्यांत संपणार होती, म्हणजे इथल्या कर्मचारी म्हणून आडकाठीही राहणार नव्हती. मॅडमनी स्वतः त्यांचं नाव कळवलं. यादीत बाईंचा नंबर चौथा.

त्या दिवशी बाकावर बसून बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ताईला आपण होऊन फोन केला, आणि तोही मंगळवारी. दुसरी, बरं वाटलं की त्या एक घट्ट स्वेटर घेणार होत्या. "अंगाला चिकटून बसणारा," त्या म्हणाल्या. "आणि डाव्या कुशीवर झोपणार." मी म्हटलं स्वेटर घालूनच झोपा. त्या हसल्या, हात बरगडीवर हवेत धरून.

आणि मग त्यांचं बोलणं हळूहळू आटलं. डबा उघडायच्या, दोन घास खायच्या, झाकण लावायच्या. मला वाटलं सुईची भीती. मी चिडवायलाही कमी केलं नाही, की उंदीर तुमच्यापेक्षा धीट आहेत वगैरे. माणूस किती मूर्ख असू शकतो बघा. तीन आठवडे असेच गेले. मग एक दिवस त्यांनी डबा उघडलाच नाही.

"मामा, सातव्या बॅचला मी खायला घातलं."

मला पटकन अर्थ लागला नाही. लागला तेव्हा मीही माझा डबा बंद केला.

सांगतो. पेशींचा खुराक म्हणजे सीरम, ते वासराच्या रक्तातून काढतात. त्या सीरममध्ये वासराच्या स्वतःच्या पुड्या असतात, कोट्यवधी. म्हणून पेशींच्या पुड्या गोळा करायच्या असतील तर आधी अठ्ठेचाळीस तास त्यांना सीरमशिवाय उपाशी ठेवायचं, नाहीतर माणसाच्या कुठल्या आणि वासराच्या कुठल्या, ब्रह्मदेवाला कळणार नाही. त्या अठ्ठेचाळीस तासांत करायचं काहीच नसतं. कोणी यायचीही गरज नसते. सातव्या बॅचचे ते तास नेमके सलग दोन सुट्ट्यांत पडले.

"मी दोन्ही दिवस आले," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी नुसतं बघून गेले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर मंडळी हातपाय आखडून बसलेली. बसणारच ती, मला काय माहीत नाही? सव्वीस वर्षं बघतेय. पण दोन दिवसांत माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं, मामा. बरगडीत नुसता जाळ. मीही काही खाल्लं नव्हतं. म्हटलं, आपण दोघीही उपाशी कशाला? एवढंसं दिलं तर काय बिघडतंय. प्रत्येक बाटलीत थोडं थोडं घातलं."

"आणि रजिस्टरमध्ये?"

"लिहिलं, उपाशी, अठ्ठेचाळीस तास." त्यांनी मान खाली घातली. "वाटलं, सहा बॅचनी काही दिवे लावले नाहीत, ही तरी कुठे लावणार."

"मग बाटल्यांचं काय?"

"बाटल्यांनी काय होतंय, मामा."

आता मी काय बोललो ते सांगतो, आणि माझी शोभा म्हणालो ती हीच. मी म्हटलं, गप्प राहा. कोणाला कळणार नाही. उंदरांचं दुखणं गेलंय, मी माझ्या हाताने मोजलंय, ते पेशीने गेलं की वासराने, उंदरांना काय पडलीय?

"पण रुग्णालयात लिहिल्याप्रमाणेच करणार ना? उपाशी ठेवून," बाई म्हणाल्या. "म्हणजे माणसांना भलतंच काहीतरी टोचणार. उंदरांवर जे चाललं ते नाहीच. बारा जणांच्या पाठीत सुई जाईल, मामा. ती माणसं आत्तापासून दिवस मोजत असतील."

"त्या बारांत तुम्हीही आहात. आणि लागू पडलं तर?"

बाईंनी न उघडलेला डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "तीन आठवडे तेवढाच विचार करतेय. लागू पडलं तर."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं तापलं होतं. ही बाई आपल्या हाताने आपल्याच ताटात माती कालवायला निघाली होती, आणि मला ते सोसवत नव्हतं. मी म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून म्हणजे किमान दोन वर्षं. तुमचं वय बघा. तेव्हा तुम्हाला कोण उभं करणार? बसा मग जन्मभर ती चाळणी बांधून." आणि डबा उचलून निघून आलो.

चार दिवस मी खाली उंदरांतच जेवलो. खिडकीतून बाक दिसतो. बाई एक वाजता यायच्या, बसायच्या, पावणेदोनला उठायच्या. त्यांनी जाऊन सांगू नये असं मला वाटत होतं ते त्यांच्या दुखण्यापायी, हे खरं. पण तेवढंच नाही. सगळं उघड झालं तर त्यांना काढून टाकतील आणि बाकावर मी एकटा उरेन, ही भीतीही त्यात होती. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

पाचव्या दिवशी मॅडमनी मला सातव्या बॅचचं माझं रजिस्टर घेऊन वर बोलावलं. बाई टेबलासमोर उभ्या होत्या. सांगून झालं होतं. मॅडम शांतपणे विचारत होत्या, किती घातलं, किती बाटल्यांत, किती वाजता. बाई एकेक सांगत होत्या. सगळं त्यांच्या डोक्यात लख्ख होतं. मॅडमनी लिहून घेतलं. मग बाईंच्या रजिस्टरमधल्या त्या ओळीवर रेघ मारली, खरं काय ते वर लिहायला लावलं, तारीख घालून बाईंची सही घेतली.

"सव्वीस वर्षांत एक चूक केलीत," मॅडम म्हणाल्या, "आणि नेमकी तीच लागू पडली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "कदाचित पोट भरलेल्या पेशीच चांगल्या पुड्या सोडत असतील. कदाचित हे सगळं त्या वासराचंच असेल. आता एकेक गोष्ट वेगळी करून बघायला हवी."

त्यांनी फोन उचलला, रुग्णालयात लावला आणि यादी थांबवायला सांगितली. कारणही सांगितलं, काही लपवलं नाही. फोन ठेवून त्या बाईंकडे वळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं तरी लागतील, बाई. जास्तच. तोपर्यंत तुम्ही पासष्टच्या पुढे गेलेल्या असाल. तुमच्या लक्षात आलंय ना?"

"मोजलंय मी," बाई म्हणाल्या. "म्हणून तर सांगायला एवढे दिवस लागले."

मी रजिस्टर छातीशी धरून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते दोघींनी बघितलं. बघेनात का.

मॅडमनी बाईंना काढलं नाही. उलट मुदत आणखी वाढवून घेतली, कारण सगळं नव्याने करायचं तर तो हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. ज्या कामातून आपल्याला आता काही मिळायचं नाही तेच काम बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू केलं. महिनाभरात आठवी बॅच तयार होत आली. तिची उपाशी ठेवायची वेळ पुन्हा सुट्ट्यांवरच आली. आदल्या संध्याकाळी बाई तळघरात आल्या आणि पेशींच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"सुट्ट्या संपेपर्यंत तुमच्याकडे राहू दे. मी मागितली तरी द्यायची नाही."

"मागाल?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंदरांचं खाणंपाणी उरकलं. दहा वाजले होते. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, पण मी तीन मजले चढून गेलो. गुडघे कुरकुरत होते, मी त्यांना शिव्या देत होतो. पेशींच्या खोलीच्या बंद दारासमोर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. डावी बाजू भिंतीपासून लांब.

"घरी बसवेना," त्या म्हणाल्या.

मी दोन पायऱ्या खाली बसलो. महिनाभर मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली, "त्या दिवशी मी बाकावर जे बोललो ते..."

"खरंच बोललात की." त्यांनी मला पुढे जाऊ दिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चौथ्या नंबरावर आता दुसरं कोणीतरी येईल, मामा. दोन-अडीच वर्षांनी. त्याला आत्ताही दुखतच असेल, नाही? कुठेतरी असंच बसलं असेल."

मी म्हटलं, असेल.

दाराच्या आतून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. बाईंनी डोळे मिटले. हात बरगडीवर, हवेत.

"आज फार दुखतंय हो," त्या म्हणाल्या.

यावर काय म्हणायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. मोजता येतं, तेवढंच येतं. मी दोन पायऱ्या चढून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. किल्ली खिशात होती. बाईंनी ती मागितली नाही. साडेबारा वाजेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.